घरच्यांच्या श्रद्धेवर कुठवर बोट ठेवावं?

प्रश्न लांबलचक आहे, म्हणून मला तो कसा कळला ते आधी सांगते. तुम्ही ऐरोलीत आईवडील आणि भाऊ-वहिनीबरोबर राहता. कॉलेजात असतानाच तुमचा देवावरचा विश्वास उडाला. आई मधुमेही आहे, गोळ्या चालू आहेत, तरी नवरात्राचे नऊ दिवस उपास धरते, अनवाणी राहते आणि दर गुरुवारी एका महाराजांकडे अंगारा आणायला जाते. तुम्ही वाद घातलात, व्हिडिओ दाखवलेत, एकदा देव्हाऱ्यासमोरच नको ते बोललात. आता ती कामापुरतं बोलते. वहिनी देवधर्म मानत नाही, पण लशी म्हणजे कंपन्यांचा धंदा असं तिचं पक्कं मत आहे आणि दहा महिन्यांच्या पुतण्याची गोवराची लस राहिली आहे. गप्प बसलं तर स्वतःशीच खोटं वागल्यासारखं वाटतं, बोललं तर घर फुटतं. मग दुसऱ्याच्या विश्वासाला आव्हान द्यायचं तरी कुठवर?

मी कळव्यात फॅमिली डॉक्टर आहे. खारेगावातली आगरी कुटुंबं, मुंब्र्याहून येणारे मुसलमान पेशंट, पारसिक नगरातले निवृत्त नोकरदार (त्यातले दोन-तीन कट्टर नास्तिक) असा सगळा गोतावळा आहे. श्रद्धा कुठली आणि अंधश्रद्धा कुठली, या वादात मी पडत नाही. दवाखान्यात त्याने काम पुढे सरकत नाही. माझ्यापुढे प्रश्न येतो तो इतकाच, की समोरच्याच्या समजुतीमुळे आज, या आठवड्यात, कुणाला काय होणार आहे.

मला वाटतं, तुमच्या घरात तीन वेगळी भांडणं चालू आहेत आणि तुम्ही ती एकाच दमात भांडताय. देव आहे की नाही, हे एक. आईच्या शुगरचं काय, हे दुसरं. आणि या घरात माझ्या मताला काही किंमत आहे का, हे तिसरं. ते तुम्ही लिहिलं नाहीत, पण ओळी-ओळीतून दिसतं. पहिलं जिंकलं की दुसरं आपोआप सुटेल असा तुमचा हिशोब आहे. आता आईच्या जागी बसून बघा. गोळी नीट घेण्यासाठी आधी देवीला सोडचिठ्ठी द्यावी लागणार असेल, तर ती देवीला धरून राहील आणि गोळीकडे तुमच्या पक्षातली वस्तू म्हणून बघायला लागेल. दुसऱ्या भांडणाला पहिल्याची गरजच नाही. आयुष्यभर देवीची ओटी भरणाऱ्या बायका उत्तम शुगर ठेवून आहेत आणि पक्के नास्तिक रात्री फ्रीजसमोर उभे राहून श्रीखंड खातात.

नवरात्राच्या पंधरा दिवस आधीपासून माझ्याकडे हे पेशंट यायला लागतात. त्या वेळी ‘उपास करू नका’ असं मी म्हणत नाही. म्हटलं, तर समोरून ‘बरं’ येतं आणि उपास चालूच राहतो. फक्त पुढच्या वेळी मला सांगत नाहीत. मी विचारते, उपास कसा धरता? तिथे कळतं की ‘नऊ दिवस उपास’ यात दहा प्रकार आहेत. कुणी फळं-दुधावर, कुणी साबुदाण्याच्या खिचडीवर, कुणी एक वेळ जेवून, कुणी धान्यफराळ करून, म्हणजे धान्य भाजून घेऊन. मग विचारते, कधीपासून, कशासाठी बोलला होतात? इथे बहुतेक वेळा एखादं आजारपण निघतं, नाहीतर एखादं मूल. तुमच्या आईचा उपास तुमच्याच लहानपणच्या एखाद्या दुखण्यापायी बोललेला असू शकतो. विचारलंय कधी?

यानंतर मी शुगरवर येते, आणि तेव्हा मात्र आडपडदा ठेवत नाही. उपाशीपोटी सगळ्या गोळ्या सारख्या नसतात. नुसत्या मेटफॉर्मिनने शुगर सहसा फार खाली जात नाही. ग्लिमेपिराइडच्या जातीची गोळी मात्र पोटात अन्न आहे की नाही हे बघत नाही, स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतेच. लघवीतून साखर बाहेर टाकणाऱ्या नव्या गोळ्या आहेत, ज्यांची नावं ‘ग्लिफ्लोझिन’वर संपतात. त्यांच्यावर लांबलचक उपास केला तर अंगातलं पाणी कमी होतं आणि रक्तात आम्ल साठण्याचा धोका असतो, तोही शुगर फार वाढलेली नसताना. साबुदाणा तर जवळजवळ निव्वळ स्टार्च. म्हणजे सकाळी उपाशीपोटी शुगर खाली आणि दुपारी खिचडीनंतर आकाशात, असा झोका होतो. हे सगळं मी गोळ्यांची पाकिटं हातात घेऊन सांगते, ‘तुमची ही गोळी आहे ना, हिचं काम असं आहे’ म्हणून. देवीचा विषय त्यात येतच नाही.

आणि मग बहुतेक वेळा पेशंटच म्हणते, ‘मग मी उठता-बसता धरू का, डॉक्टर?’ घट बसताना एक आणि उठताना एक. सासूबाईंना झेपेना झालं तेव्हा त्याही तसंच करायच्या, हेही तीच सांगते. ही वाट मी सुचवायची म्हटलं तर सुचवू शकते, पण तिच्या तोंडून आली की टिकते. विल्यम मिलर नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने 1983 मध्ये दारू सोडू बघणाऱ्यांशी बोलण्याची एक पद्धत मांडली. तिचा गाभा हाच: बदलाची कारणं तुम्ही सांगत बसू नका, समोरच्याच्या तोंडून येऊ द्या. मधुमेहाच्या पेशंटना ती तितकीच लागू पडते.

खरं सांगायचं तर उपासापेक्षा मला अनवाणी राहण्याची धास्ती जास्त वाटते. मधुमेहात पायांची जाणीव कमी झालेली असेल तर ऑक्टोबरच्या उन्हात डांबरावर फोड आलेला कळत नाही, काच घुसलेली कळत नाही. दसऱ्याला लक्षात येतं, आणि दिवाळीत सर्जन बोटाबद्दल बोलत असतो. तुम्ही उपासावर इतके तुटून पडलात की ही गोष्ट तुमच्या प्रश्नात एका शब्दात येऊन गेली. आईची तळपायाची तपासणी झाली आहे का बघा. काही बायका ‘चामड्याची नको, मग रबरी चालेल’ यावर स्वतःहून येतात. काही येत नाहीत. त्यांना मी रोज रात्री घरातल्या कुणाकडून तरी तळवे बघून घ्यायला सांगते. हे काम तुम्ही करू शकता. त्यासाठी आस्तिक असावं लागत नाही.

एक प्रसंग सांगते. खारेगावच्या एका काकूंना अष्टमीला आरतीत दरदरून घाम सुटला, अंग थरथरायला लागलं, बोलणं तुटक झालं. भोवतालच्या बायकांनी हात जोडले, देवी अंगात आली म्हणून. भाची नर्सिंग करत होती, तिने मशीन आणून बोटाला टोचलं, शुगर 48. (70 च्या खाली गेली की आम्ही ती धोक्याची धरतो, तीन चमचे साखर पाण्यातून द्यायची आणि पंधरा मिनिटांनी परत तपासायची. मात्र माणूस गिळू शकत नसेल तर तोंडात काही न घालता थेट हॉस्पिटल.) तोवर कुणीतरी प्रसादाची खडीसाखर तोंडात घातली होतीच, त्यामुळे काकू सावरल्या. दुसऱ्या दिवशी माझ्याकडे आल्या तेव्हा म्हणाल्या, देवीनेच प्रसाद पोचवला. त्यावर मी काही बोलले नाही. गोळी बदलली आणि पुढच्या उपासाआधी येऊन भेटायचं कबूल करून घेतलं. भाची माझ्यावर नाराज होती, ‘मॅडम, तुम्ही सांगायला हवं होतं की अंगात वगैरे काही येत नाही.’ तिला म्हटलं, तू मशीनवरचा आकडा सगळ्यांसमोर वाचून दाखवलास ना, आता पुढच्या वेळी कुणाला घाम फुटला की लोक मशीन शोधतील. हात जोडून शोधतील, तर शोधू देत.

रमजानमध्येही तेच. मी कुराणातलं सांगायला जात नाही, तो माझा अधिकार नाही आणि समोरच्यालाही ते खोटं वाटतं. आजारी माणसाला रोज्यातून सूट आहे, नंतर भरून काढता येतो, हे मुंब्र्यातल्या कुठल्याही मौलानांकडून ऐकता येतं. ‘त्यांना एकदा विचारून या’ म्हणते. माझ्याकडून इतकंच: शुगर 70 च्या खाली किंवा 300 च्या वर गेली तर रोजा तिथेच सोडायचा. तुम्ही नास्तिक असून आईला ‘देवी काय म्हणते मुलांना उपाशी राहा?’ असं विचारत असाल तर ते आधी बंद करा. ज्या देवीला तुम्ही मानत नाही तिच्या वतीने बोलताय, हे आईला लगेच कळतं.

आता आव्हान अजिबात द्यायचंच नाही, असं माझं म्हणणं आहे का? नाही. मी रोज देते, पण डोळ्यांनी बघता येईल अशा गोष्टीवर. नागीण घ्या. कमरेला पुरळ उठतं, प्रचंड आग होते, आणि घरचे हादरलेले असतात, कारण दोन्ही टोकं जुळली की माणूस जातो असं ऐकलेलं असतं. माणूस मंत्रून घ्यायला जातो आणि तिथे तीन दिवस निघून जातात. औषध तर पुरळ उठल्यापासून 72 तासांत सुरू केलेलं उत्तम. मी पेशंटला आरशासमोर उभं करते, पोटावर मधोमध बोट धरते आणि दाखवते, की बघा, पुरळ एकाच बाजूला आहे, ही रेघ ओलांडत नाही, कारण हा विषाणू एका नसेच्या वाटेने येतो आणि ती नस एकाच बाजूला असते. टोकं जुळत नाहीत. मंत्रणाऱ्याला मी नावं ठेवत नाही. तो मंत्रो न मंत्रो, पुरळ दोन-चार आठवड्यांत सुकतंच, आणि श्रेय त्याला मिळतं. ही गोम मी समजावून सांगते. काविळीच्या माळेचंही तसंच. ‘अ’ प्रकारची कावीळ बहुतेकांची आपोआप उतरते आणि ओल्या काड्या सुकल्या की धाग्याचे वेढे सैल होऊन माळ लांबते. दोन्ही गोष्टी खऱ्या घडतात, म्हणून विश्वास बसतो. माणूस मूर्ख असतो म्हणून बसत नाही. तुमच्या बोलण्यात हा फरक राहत नसेल, तर पुरावा कितीही चोख असला तरी ऐकणाऱ्याला आपला अपमानच ऐकू येईल.

महाराजांचं मात्र परिस्थितीवर आहे, आणि ती परिस्थिती तुम्ही लिहिलेली नाही. अंगारा कपाळाला लावते, चार ओळखीच्या बायका भेटतात, मन हलकं होतं, दहा-वीस रुपये पेटीत टाकते, इतकंच असेल तर तुमचा काही संबंध नाही. तिला आठवड्यातून एकदा घराबाहेर पडायला कारण हवंय, असंही असू शकेल. पण महाराज गोळ्या बंद करा म्हणत असतील, अंगाऱ्याने मधुमेह जातो अशी जाहिरात करत असतील, पाच-दहा हजारांचा विधी सांगत असतील, तर तिथे गप्प बसू नका. मधुमेह बरा करण्याच्या दाव्याची जाहिरात करायला 1954 च्या औषधे आणि जादुई उपाय कायद्याने बंदी आहे, आणि मंत्र-ताईत यांचा त्यात उल्लेख आहे. आपल्याकडे डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा 20 ऑगस्ट 2013 रोजी खून झाला आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये जादूटोणाविरोधी कायदा विधिमंडळात मंजूर झाला. त्यात कुत्रा, साप, विंचू चावलेल्या माणसाला उपचारांपासून रोखून मंत्र-गंडेदोरे करणं गुन्हा आहे. शिक्षा सहा महिने ते सात वर्षं. त्याच कायद्यात वारी, कीर्तन, भजन आणि कुणाला इजा किंवा आर्थिक नुकसान न करणारे घरचे-देवळातले विधी बाहेर ठेवले आहेत. म्हणजे कायद्यानेही देवाला हात लावलेला नाही, नुकसान करणाऱ्या कृत्याला लावला आहे. भांडायचंच झालं तर महाराजांशी भांडा, आईशी नको. ती त्यांची गिऱ्हाईक आहे, भागीदार नाही.

साप चावला असेल तर माझा सगळा मवाळपणा संपतो. येऊरच्या आणि पारसिकच्या डोंगराखालच्या वस्त्यांतून पावसाळ्यात असे फोन येतात. मण्यार रात्री झोपेत चावते, दुखत नाही, पहाटे पोटात दुखतं, पापण्या जड होतात, मग श्वास बंद पडतो. तिथे मी उठता-बसता वगैरे काही काढत नाही. ‘गाडीत घाला आणि निघा, मांत्रिकाला हॉस्पिटलात बोलवा पाहिजे तर’, एवढंच. वेळ नसेल तेव्हा समोरच्याला वाईट वाटलं तरी चालतं.

आता वहिनी. इथे मी तुमच्यापेक्षा कडक आहे, कारण किंमत ती मोजत नाही, बाळ मोजणार आहे. तुम्ही आईवर दहा वाक्यं लिहिलीत आणि या बाळावर एक, याचं मला आश्चर्य वाटलं. वहिनी तुमच्यासारखी ‘आधुनिक’ बोलते म्हणून तिची समजूत तुम्हाला कमी खुपते का? गोवर-रुबेलाचा पहिला डोस नऊ महिने पूर्ण झाल्यावर बारा महिन्यांपर्यंत, दुसरा सोळा ते चोवीस महिन्यांत. म्हणजे अजून उशीर झालेला नाही. 2022 च्या शेवटी मुंबईत गोवंडी भागात आणि आपल्या भिवंडीत गोवराची साथ आली, मुलं दगावली. लस न घेतलेल्या वस्तीत गोवराचा एक रुग्ण बारा ते अठरा जणांना लागण करू शकतो. लशीने ऑटिझम होतो ही भीती 1998 च्या एका ब्रिटिश शोधनिबंधातून पसरली. तो 2010 मध्ये मागे घेतला गेला आणि मुख्य लेखकाचा वैद्यकीय परवानाही गेला.

पण ही माहिती वहिनीच्या अंगावर फेकू नका. 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात फ्लूच्या लशीबद्दलचे गैरसमज दुरुस्त केल्यावर लोकांचा गैरसमज खरंच कमी झाला, पण ज्यांना आधीपासून जास्त भीती होती त्यांची लस घ्यायची तयारी उलट घटली. मी आधी बाळाच्या आईला विचारते, नेमकी कसली भीती वाटते? ताप येईल याची, की पुढे काही होईल याची? तापाची असेल तर आठवडाभराने एखाद्या दिवस ताप, क्वचित पुरळ येऊ शकतं हे सरळ सांगते. लपवलं आणि ताप आला तर माझ्यावरचा विश्वास गेला. तुम्ही दीर आहात, तुमच्या तोंडून हे कितपत चालेल ते तुमच्या घरावर आहे. भाऊ काय म्हणतो ते तुम्ही कुठेच लिहिलेलं नाही. लशीच्या दिवशी बाळाला उचलून नेणारा बापही असू शकतो.

उलट्या बाजूचंही एक सांगते, कारण नास्तिकांच्या मताला घरात कुणी मत धरतच नाही. पारसिक नगरातल्या एका निवृत्त मास्तरांनी नेत्रदान आणि देहदानाचे फॉर्म भरून ठेवले होते. गेल्यावर मुलं म्हणाली, दहावं-तेरावं नीट व्हायला हवं, देह कसा द्यायचा. माणूस गेल्यावर व्यवहारात नातेवाइकांच्या संमतीशिवाय काही हलत नाही, आणि डोळे सहा तासांच्या आत काढावे लागतात, म्हणून वाद घालायला वेळ नव्हता. मी मुलांना विचारलं, वडिलांनी तुमच्या लग्नात होमाला बसायला नकार दिला होता का? नव्हता दिला. बसले होते, मुलांसाठी. थोडा वेळ सगळे गप्प राहिले. डोळे दिले, देह दिला नाही, दहावंही केलं. अर्धंच झालं. मास्तरांची सही असलेल्या कागदाला याहून जास्त मान मिळायला हवा होता असं मला अजूनही वाटतं, आणि तसं मी मुलांना सांगितलंही.

यातून तुमच्या पुरतं: आईच्या उपासाला जितकी जागा, तितकीच तुमच्या न मानण्याला. आरतीला उभं राहायचं नसेल तर राहू नका, पण त्या वेळी मोबाइलवर मोठ्याने व्हिडिओ लावून बसू नका. ‘तू देव मानतोस का?’ असं कुणी सरळ विचारलं तर सरळ उत्तर द्या. त्याने स्वतःशी खोटं वागल्याची बोच बरीच कमी होईल. न विचारता रोज जेवताना उत्तर देणं हा प्रामाणिकपणा नसतो, ती भुणभुण असते. सोसायटीच्या ग्रुपवर सत्यनारायणाच्या वर्गणीबद्दल लिहायचं असेल तर वर्गणीबद्दल लिहा, ती ऐच्छिक ठेवा म्हणा. सत्यनारायणाच्या कथेची टिंगल तिथे नको. मुद्दाम, द्वेषाने धार्मिक भावना दुखावल्याचं कलम न्याय संहितेत 299 आहे. ते तुम्हाला लागेल असं नाही, पण वर्गणीचा मुद्दा बाजूला राहून चर्चा तुमच्यावर सुरू होईल.

मग आईला कधीच सांगायचं नाही का की हे सगळं मला खोटं वाटतं? तिला ते केव्हाच माहीत आहे. परत सांगून नवीन काही कळणार नाही. घट बसायच्या आधी तिला तिच्या डॉक्टरकडे घेऊन जा, गोळ्यांची सगळी पाकिटं आणि शेवटचे रिपोर्ट बरोबर ठेवा, आणि आत गेल्यावर तिला बोलू द्या. ‘हिला जरा समजवा डॉक्टर’ हे वाक्य टाळा. ते ऐकलं की पेशंट तोंड मिटून बसते आणि माझी पहिली दहा मिनिटं वाया जातात. त्यापेक्षा बाहेर बाकावर बसा. येताना शुगरचं मशीन आणि पट्ट्या घ्या. नऊ दिवस कुणी, किती वाजता टोचायचं ते मात्र घरी तिलाच ठरवू द्या.